एकावर एक चढलेल्या विंडो आणि रेंगाळणारे तुकडे: डेस्कटॉपचा दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

विंडो ओढली की मागे तिच्याच प्रतिमांची शेपटी उरते. बंद केलेल्या मेनूचा तुकडा स्क्रीनवर चिकटून राहतो. कुठलीशी छोटी विंडो काही केलं तरी वरून हटत नाही. एखाद्या प्रोग्रॅमची बटणं एकमेकांवर चढतात आणि अक्षरं अर्धी कापली जातात. या चारही तक्रारी सांगताना आपण एकच वाक्य वापरतो: ‘विंडो एकमेकींवर चढल्यात.’ दोष मात्र चार निरनिराळ्या जागी असतो आणि एका जागेचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. अख्खी सिस्टीम नव्याने बसवूनही दुखणं तसंच राहतं, ते यामुळे. म्हणून आधी दोषाची जागा ठरवा, मगच काहीतरी बदला. जागा ठरवायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

पुढच्या बहुतेक पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक आणि लिनक्ससाठी पुढे वेगळा भाग आहे.

विंडो स्क्रीनवर येते कशी

हे समजलं की अर्धी शोधाशोध वाचते. विंडोज एक्सपीपर्यंत सगळे प्रोग्रॅम एकाच सामायिक पाटीवर चित्र काढत. एक विंडो दुसरीवरून सरकली की खालच्या विंडोचा तेवढा भाग पुसला जाई आणि सिस्टीम त्या प्रोग्रॅमला निरोप धाडी, ‘तुझा एवढा भाग पुन्हा काढ.’ प्रोग्रॅम अडकलेला असेल तर तो काही काढत नसे, आणि वरून सरकणाऱ्या विंडोच्या प्रतिमा तिथेच साचत. त्या काळच्या शेपट्या आल्या त्या यातून.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ आला. आता प्रत्येक विंडोला मेमरीत स्वतःचा वेगळा कागद मिळतो. प्रोग्रॅम त्या कागदावर चित्र काढतो आणि हा मॅनेजर सगळे कागद वर-खाली रचून, सावल्या आणि पारदर्शकता घालून, ग्राफिक्स कार्डाकडून अंतिम चित्र तयार करून घेतो. विंडोज ८ पासून ही रचना बंद करता येत नाही. म्हणजे आजच्या मशीनवर विंडो सरकवून खालच्या विंडोचं चित्र पुसलं जायचं कारणच उरलेलं नाही. तरीही शेपटी दिसत असेल, तर पुढच्या चारपैकी कुठेतरी बिघाड आहे: प्रोग्रॅमने आपला कागद नीट रंगवला नाही, मॅनेजर आणि ड्रायव्हरने (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) कागद नीट रचले नाहीत, कार्डाने चित्र बिघडवलं, किंवा मॉनिटरने ते चुकीचं दाखवलं.

आधी तीन चाचण्या

पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. दोष समोर दिसत असतानाच विंडोज की, शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबा आणि दोषाचा भाग निवडून चित्र सेव्ह करा. मग ते चित्र उघडून त्याची विंडो इकडे-तिकडे सरकवा. कचरा चित्रासोबत सरकला तर तो चित्रातच आहे, म्हणजे दोष प्रोग्रॅम किंवा रचनेच्या टप्प्यावरचा. चित्र स्वच्छ आलं आणि स्क्रीनवर मात्र कचरा दिसतोय, तर दोष त्यानंतरच्या वाटेवर आहे: ड्रायव्हरचा बाहेर पाठवण्याचा टप्पा, केबल किंवा मॉनिटर. चित्र फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाठवून पाहिलं तर शंका उरत नाही.

दुसरी चाचणी: दोष एकाच प्रोग्रॅमच्या विंडोत दिसतो की सगळ्यांच्या? फाइल एक्सप्लोरर, नोटपॅड आणि ब्राउझर अशा तीन वेगळ्या जातीच्या विंडो उघडा आणि एकमेकींवरून फिरवा. ब्राउझरमध्येच तुकडे उरत असतील आणि नोटपॅड स्वच्छ असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी ब्राउझरची हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देण्याची सोय) तपासा.

तिसरी चाचणी मशीन सुरू होतानाची. कंपनीचं चिन्ह दिसतं तेव्हा किंवा बायॉसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या) पानावर रंगीत चौकोन, रेघा, ठिपके दिसले तर विंडोजचा संबंध संपला. तिथे सिस्टीमचा ग्राफिक्स ड्रायव्हर अजून सुरूच झालेला नसतो. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

या तिन्हींची उत्तरं कागदावर लिहून ठेवा. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला, तपासा, मगच पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

बिघाड नाही, फक्त मांडणी अडलेली

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी हा भाग पुरता तपासा.

प्रोग्रॅम थिजल्यासारखा वाटतो, कुठेही क्लिक केलं की फक्त ‘टंग’ असा आवाज येतो. त्या प्रोग्रॅमने एखादा प्रश्न विचारणारी छोटी विंडो उघडलेली असते, ‘सेव्ह करू का?’ सारखी, आणि ती मुख्य विंडोच्या मागे किंवा दुसऱ्या मॉनिटरवर गेलेली असते. तिला उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो क्लिक घेत नाही. ऑल्ट दाबून ठेवून टॅब दाबत जा, ती लपलेली विंडो यादीत दिसेल. नाही दिसली तर विंडोज की आणि ‘एम’ने सगळं खाली घ्या आणि टास्कबारवरच्या त्याच प्रोग्रॅमच्या चिन्हावर माउस थांबवा, त्याच्या जितक्या विंडो असतील तितक्या छोट्या प्रतिमा वर येतात. टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद पाडणं हा इथे वाईट उपाय, कारण न सेव्ह केलेलं काम जातं.

विंडो उघडी आहे, टास्कबारवर दिसते, पण स्क्रीनवर नाही. दुसरा मॉनिटर काढून टाकल्यावर असं होतं; प्रोग्रॅमला जुनी जागा आठवते आणि ती जागा आता अस्तित्वात नसते. ऑल्ट-टॅबने ती विंडो निवडा. मग ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, ‘एम’ दाबा, कुठलीही एक बाणाची की एकदा दाबा आणि आता माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते. क्लिक केलं की सुटते. बाणाची की दाबायला विसरलं तर माउस हलवून काही होत नाही. विंडो मॅक्सिमाइझ केलेली असेल तर मेनूतला ‘मूव्ह’ चालत नाही. आधी विंडोज की आणि खालचा बाण दाबून ती लहान करा. मॉनिटर दोन असतील तर विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण पुरतो, विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते.

एखादी विंडो कायम वर राहते. प्रत्येक विंडोला रचनेत वरचा-खालचा क्रम असतो आणि ‘नेहमी वर’ असा शिक्का असलेल्या विंडोंचा गट इतर सगळ्यांच्या वर राहतो. टास्क मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑलवेज ऑन टॉप’ आहे, व्हीएलसीच्या ‘व्हिडिओ’ मेनूत तशीच निवड आहे, कॅल्क्युलेटरमध्ये ‘कीप ऑन टॉप’चं बटण आहे, ब्राउझरचा ‘पिक्चर इन पिक्चर’ व्हिडिओही त्याच गटातला. पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टचा जोड-साधनांचा संच) बसवलेलं असेल तर विंडोज की, कंट्रोल आणि ‘टी’ चुकून दाबल्याने कुठलीही विंडो वर खिळते. तेच पुन्हा दाबलं की सुटते.

काही वेळा वर खिळलेल्या तुकड्याचा मालकच कळत नाही: शीर्षकपट्टी नाही, टास्कबारवर चिन्ह नाही, पण त्या जागी क्लिक होत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ उपयोगी पडतं. त्याच्या टूलबारवर नेमबाजीच्या खुणेसारखं चिन्ह असतं. ते धरून संशयित तुकड्यावर नेऊन सोडा, यादीत त्या तुकड्याचा प्रोग्रॅम उजळतो. बहुतेक वेळा तो स्क्रीन रेकॉर्डर, खेळांवरचा ओव्हरले (वर तरंगणारा थर), चॅटचा ओव्हरले किंवा प्रिंटर-स्कॅनरसोबत आलेला एखादा मदतनीस निघतो.

टास्कबारच विंडोच्या खालच्या भागावर चढून बसला असेल, पूर्ण स्क्रीनच्या व्हिडिओवरही हटत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडा. टास्कबार क्षणभर जातो आणि परत येतो. उघडे प्रोग्रॅम तसेच राहतात, फक्त फाइल एक्सप्लोररच्या विंडो बंद होऊ शकतात.

प्रोग्रॅमच्या आतली बटणं एकमेकांवर चढतात तेव्हा

ही तक्रार जवळपास नेहमी स्केलिंगची असते. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल. लहान आणि दाट स्क्रीनवर अक्षरं वाचता यावीत म्हणून १२५, १५० किंवा २०० टक्के लावलं जातं. जुन्या प्रोग्रॅमने बटणांची जागा पिक्सेलमध्ये कायमची कोरलेली असते. अक्षरं मोठी होतात, बटणाची चौकट तेवढीच राहते, आणि ओळी एकमेकींवर चढतात.

आधी ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ इथे ‘स्केल’ पाहा. ‘रेकमेंडेड’ लिहिलेला आकडा निवडा आणि साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. ही पायरी टाळू नका; बरेच प्रोग्रॅम स्केलचा आकडा साइन इनच्या वेळी उचलतात, त्यामुळे आकडा बदलून लगेच पाहिलं तर अर्धवट मांडणी दिसते. ‘कस्टम स्केलिंग’मध्ये कुणी ११० किंवा १३५ असा मधलाच आकडा घातला असेल तर तो काढा. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’मधलं ‘टेक्स्ट साइझ’ तपासा. ते १०० ते २२५ टक्क्यांपर्यंत सरकतं आणि फक्त अक्षरं वाढवतं. स्केल बरोबर असूनही मजकूर चौकटीबाहेर सांडत असेल तर खोट इथे असते.

एकाच प्रोग्रॅमचा प्रश्न असेल तर त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘कॉम्पॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडा. तळाच्या चौकोनात टिक केली की तीन पर्याय मिळतात. ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे सिस्टीमने हात लावायचा नाही. मांडणी सुटसुटीत होऊ शकते, पण जुना प्रोग्रॅम दाट स्क्रीनवर फार बारीक दिसतो. ‘सिस्टीम’ म्हणजे प्रोग्रॅमला १०० टक्क्यांवर असल्याचं भासवून तयार चित्र ताणायचं. अक्षरं थोडी धूसर होतात, पण बटणं जागच्या जागी बसतात. ‘सिस्टीम एन्हान्स्ड’ अक्षरं आणि रेषा नव्याने रेखीव काढायचा प्रयत्न करतं. काही जुन्या प्रोग्रॅमांवर ते सुंदर चालतं, काहींवर उलट नवे तुकडे दिसतात. बटणं एकमेकांवर चढण्याच्या तक्रारीला पहिला पर्याय म्हणून ‘सिस्टीम’ लावून पाहणंच बरं. धूसर अक्षरांवर काम होतं. दिसतच नसलेल्या ‘ओके’ बटणावर होत नाही.

दोन मॉनिटरवर दोन वेगळे स्केल असतील, समजा लॅपटॉपवर १५० आणि बाहेरच्या मॉनिटरवर १००, तर विंडो एकावरून दुसऱ्यावर नेताना ती अचानक फुगते, आकसते किंवा तिचे मेनू भलत्याच जागी उघडतात. प्रोग्रॅम इच्छित मॉनिटरवर नेऊन बंद करा आणि तिथेच पुन्हा उघडा. तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही स्केल सारखे ठेवणं हा एकमेव भरवशाचा उपाय उरतो.

शेपट्या, पांढरे चौकोन आणि न काढलेले मेनू

स्क्रीनशॉटमध्ये कचरा येतो आणि तो एकाच प्रोग्रॅमपुरता आहे, तेव्हा शोध इथे.

पहिली शक्यता, प्रोग्रॅम अडकलाय. सिस्टीमच्या निरोपांना तो ५ सेकंद उत्तर देत नाही तेव्हा विंडोज त्याच्या जागी एक फिकट तोतया विंडो उभी करतं आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पाँडिंग’ लिहितं. ही विंडो हलवता येते, पण तिच्या आत काही बदलत नाही. लगेच बंद करू नका. टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रॅमचा सीपीयू आणि डिस्क पाहा. आकडे हलत असतील तर तो काम करतोय, थांबा. दोन-तीन मिनिटं सगळं शून्यावर असेल तर बंद करा.

दुसरी शक्यता फारशी तपासली जात नाही, आणि दिवसभर उघड्या राहणाऱ्या कार्यालयीन प्रोग्रॅमांत ती वारंवार आढळते. विंडोजमध्ये प्रत्येक पेन, ब्रश, फाँट आणि बिटमॅप ही एक ‘जीडीआय ऑब्जेक्ट’ असते आणि एका प्रोग्रॅमला अशा १०,००० पर्यंतच मिळतात. प्रोग्रॅमने वापरलेल्या वस्तू परत केल्या नाहीत तर आकडा चढत जातो. मर्यादेला टेकला की नवं चित्र काढायला साधनच मिळत नाही: मेनू काळे येतात, चिन्हं गायब होतात, विंडोचा अर्धा भाग मागच्या विंडोचा दिसतो. पाहायचं असं: टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर कुठल्याही स्तंभाच्या शीर्षकावर राइट क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ व ‘युजर ऑब्जेक्ट्स’ या दोन्हींवर टिक. आता त्या स्तंभानुसार क्रम लावा. काहीशे किंवा एक-दोन हजार हा नेहमीचा आकडा. तो दर तासाला वाढतच जात असेल आणि ९,००० च्या पुढे गेल्यावर तुकडे दिसू लागत असतील तर दोषी सापडला. प्रोग्रॅम बंद करून उघडला की आकडा खाली येतो. मर्यादा वाढवायची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातली) युक्ती सांगितली जाते, पण गळती तशीच राहते. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मिळवणं किंवा दुपारी एकदा तो बंद करून उघडणं जास्त शहाणपणाचं.

तिसरी शक्यता हार्डवेअर ॲक्सिलरेशन. ब्राउझर आणि बरेच नवे प्रोग्रॅम आपला कागद ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतात. ड्रायव्हरशी त्यांचं जुळलं नाही तर स्क्रोल करताना जुने तुकडे उरतात, पान अर्धं काळं होतं. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’ इथली ग्राफिक्स ॲक्सिलरेशनची कळ बंद करा. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’ पानावर ‘परफॉर्मन्स’ शोधा, शिफारस केलेल्या सेटिंगची टिक काढा, मग खाली उघडणारी हार्डवेअर ॲक्सिलरेशनची टिक काढा. दोन्हीकडे ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा लागतो. दोष गेला तर निदान झालं, पण ॲक्सिलरेशन कायम बंद ठेवू नका. व्हिडिओचा सगळा भार सीपीयूवर येतो आणि लॅपटॉप तापतो. ड्रायव्हर दुरुस्त करून ती परत चालू करा.

सगळ्याच विंडोंवर कचरा: ड्रायव्हर

दोष दिसत असताना विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बारीक आवाज येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडं काम शाबूत राहतं, तरी खेळ किंवा व्हिडिओ संपादन चालू असेल तर आधी सेव्ह करा. कचरा गेला तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का.

मग पुरावा शोधा. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’, ‘सिस्टीम’ इथे ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद आहे का पाहा. कार्डाने दिलेलं काम ठरावीक वेळेत, मुळात २ सेकंदांत, पुरं केलं नाही की विंडोज ड्रायव्हरला झटका देऊन पुन्हा उभं करतं आणि ही नोंद करतं. महिन्यातून एखादी नोंद मनावर घेऊ नका. दिवसात चार-पाच असतील तर ड्रायव्हर, तापमान किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी नक्की बिघडलंय.

‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडाप्टर्स’ उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ लिहिलेलं असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडो ओढताना अडखळणं आणि मोजकीच रिझोल्यूशन मिळणं त्यामुळेच. कार्डाचं नाव बरोबर असेल आणि दोष अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’ पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर मशीनवर उरलेला नाही.

नव्याने बसवायचं ठरलं तर हा क्रम पाळा. आधी योग्य ड्रायव्हर उतरवून घ्या: लॅपटॉप असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून, सुटं कार्ड असेल तर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या. मग इंटरनेट तोडा, नाहीतर जुना काढताक्षणी विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर मधेच घुसवतं. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकोनावर टिक करा, मशीन रीस्टार्ट करा आणि उतरवलेला बसवा. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडलं की ‘क्लीन इन्स्टॉलेशन’चा चौकोन दिसतो, एएमडीत तेच काम ‘फॅक्टरी रीसेट’ करतं. एवढ्यानेही जुने अवशेष त्रास देत असतील तरच सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे सुटं साधन वापरा. सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’, आणि यादी आली की ४. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा. या वाटेवर ती मागितली जाऊ शकते.

सेफ मोडमध्ये विंडोज साधा ड्रायव्हर वापरतं. तिथे विंडो पाच मिनिटं इकडेतिकडे फिरवून पाहा. कचरा नसेल तर कार्ड बहुधा ठीक आहे आणि दोष ड्रायव्हर किंवा पार्श्वभूमीच्या प्रोग्रॅमचा. दुसरी शक्यता तपासायला ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’च्या ‘सर्व्हिसेस’ पानावर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक करा आणि मगच उरलेल्या बंद करा. ती टिक विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद पडतील. दोष गेला तर निम्म्या सेवा परत चालू करा, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. चार-पाच फेऱ्यांत दोषी सापडतो.

व्हिडिओ चालू असतानाच लुकलुक होते

स्क्रीनशॉट स्वच्छ येतो, केबल बदलून फरक नाही, आणि व्हिडिओ असलेली विंडो दुसरीखाली अर्धी झाकली गेली की पूर्ण स्क्रीन लुकलुकते किंवा क्षणभर जुनी विंडो चमकून जाते. हे ‘मल्टिप्लेन ओव्हरले’चं लक्षण आहे. वीज वाचवण्यासाठी काही विंडो मॅनेजरच्या रचनेतून न जाता कार्डाच्या वेगळ्या थरावर जातात आणि शेवटच्या क्षणी एकत्र होतात. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) दोन मॉनिटर असले की ही जुळणी चुकते.

आधी ‘डिस्प्ले’, ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ इथे दोन्ही मॉनिटरचा रिफ्रेश रेट सारखा करून पाहा, समजा दोन्हीकडे ६० हर्ट्झ. फरक पडला नाही तर रजिस्ट्रीचा मार्ग आहे. आधी रीस्टोर पॉइंट (गरज पडली तर सिस्टीम मागे नेण्याची खूण) करा. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डीडब्ल्यूएम’ इथवर जा. ‘ओव्हरले’, ‘टेस्ट’, ‘मोड’ हे तीन इंग्रजी शब्द जोडून, मधे जागा न सोडता, त्या नावाची ३२ बिट डीवर्ड नोंद करा आणि तिची किंमत ५ ठेवा. रीस्टार्ट करा. उपयोग झाला नाही तर ती नोंद पुसून टाका, उगाच ठेवू नका.

विंडोज ११ मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली मॉनिटरनुसार विंडोंची जागा लक्षात ठेवण्याची टिक असते. मॉनिटर झोपून उठल्यावर सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर गोळा होत असतील तर ती चालू करा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर रचनेचं काम ‘विंडोसर्व्हर’ करतो. विंडो हरवली तर कंट्रोल आणि वरच्या बाणाने ‘मिशन कंट्रोल’ उघडा, सगळ्या विंडो पसरून दिसतात. अडकलेला प्रोग्रॅम कमांड, ऑप्शन आणि एस्केपने बंद होतो. ‘विंडोसर्व्हर’ स्वतः बंद पाडू नका. तुम्ही तत्क्षणी लॉग आउट होता आणि उघडं काम जातं. एक विंडो दोन मॉनिटरवर पसरवता येत नसेल तर तो बिघाड नाही. ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्ये प्रत्येक डिस्प्लेला वेगळी ‘स्पेस’ देण्याची कळ चालू असते, ती बंद करून लॉग आउट करा.

लिनक्सवर आधी सत्र एक्स११ चं आहे की वेलँडचं (विंडो दाखवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) ते पाहा. लॉगिनच्या पानावर दातेरी चाकाचं चिन्ह असलं तर तिथून दुसरं सत्र निवडून बघा. एकात दोष आणि दुसऱ्यात नाही, तर ड्रायव्हर आणि त्या सत्राची जोडी जमत नाही. नोम या डेस्कटॉपच्या एक्स११ सत्रात ऑल्ट आणि एफ२ दाबून ‘आर’ टाइप करून एंटर केलं की शेल नव्याने सुरू होतं आणि विंडो तशाच राहतात. वेलँडवर हे चालत नाही. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधल्या ‘कंपोझिटर’ पानावर रचना बंद असेल तर शेपट्या दिसणारच, ती चालू करा.

मॉनिटर, केबल आणि कार्ड

स्क्रीनशॉट स्वच्छ असताना आधी मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. ‘पीआयपी’ किंवा ‘पीबीपी’ (एका स्क्रीनवर दोन चित्रं दाखवण्याची सोय) चालू असेल तर दुसऱ्या केबलचं चित्र कोपऱ्यात चौकोन करून बसतं आणि कितीही विंडो बंद केल्या तरी ते हटत नाही. विंडो ओढताना मागे फिकट सावली दिसत असेल तर ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ पाहा. सर्वांत वेगवान पायरीवर पिक्सेल गरजेपेक्षा जास्त ढकलले जातात आणि उजळ कडा उमटते. मधली पायरी ठेवा. टीव्हीवर टास्कबारच कडेबाहेर जात असेल तर तो ‘ओव्हरस्कॅन’. टीव्हीच्या चित्राच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा.

बंद केलेल्या विंडोची आकृती तासन् तास तशीच पुसट दिसते? एलसीडीवर ती बहुधा तात्पुरती असते. मॉनिटर काही तास बंद ठेवा किंवा पूर्ण स्क्रीनभर बदलती चित्रं चालवा. ओएलईडीवर टास्कबारचा पट्टा उमटला तर पॅनलची स्वतःची साफसफाई मेनूतून चालवा. त्यानेही गेला नाही तर तो कायमचा.

ठिपके चमकत असतील, आडव्या रेघा येत-जात असतील तर केबलची दोन्ही टोकं काढून घट्ट बसवा, मग दुसरी केबल लावा, मग कार्डाचं दुसरं पोर्ट. ४के आणि ६० हर्ट्झला जुनी एचडीएमआय केबल कमी पडू शकते. ३० हर्ट्झवर नेल्यावर ठिपके थांबले तर बहुधा केबलच दोषी.

चौकोनी नक्षी बायॉसमध्येही दिसते, तेव्हा संशय कार्डाच्या मेमरीवर. सुटं कार्ड असेल तर मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा, कार्ड काढून पुन्हा बसवा, त्याची पॉवरची जोडणी खट् आवाज येईपर्यंत दाबा आणि पंख्यातली धूळ काढा. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहा. नक्षी गेली तर कार्ड बदलावं लागेल. सुटं कार्ड नसलेल्या मशीनवर ग्राफिक्स साध्या रॅमचाच भाग वापरतं, म्हणून तिथे ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा, आणि रॅमच्या पट्ट्या दोन असतील तर एका वेळी एकच बसवून तपासा. नक्षी ज्या पट्टीसोबत येते आणि जिच्यासोबत जाते, तीच पट्टी बदलायची.